कुंदा, करदंट, मांडे : कॅलरी बघत किती आणि कसं खायचं?

मलप्रभा

गणपती जवळ आले. आता दिवाळीपर्यंत बेळगाव काय, खानापूर-निपाणी-चिकोडी काय, प्रत्येक घरात आटीव दुधाच्या कुंद्याचा डबा, गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट, मोदक, पुरणपोळी चालूच राहणार. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचे मांडे, म्हणजे पातळ गोड घडीच्या पोळ्या, आहेतच.

दरवर्षी दोनच सल्ले ऐकू येतात. एक, "गोड बंद करा." दुसरा, "सणाला काय मोजताय, खावा की!" पहिला चार दिवस टिकत नाही आणि दुसऱ्याचा हिशोब संक्रांतीपर्यंत कमरेवर निघतो. मला यातला कुठलाच पटत नाही. कुंदा सोडायचा नाही आणि वजनही वाढू द्यायचं नाही, हे जमतं असं माझं ठाम मत आहे, फक्त माप माहीत हवं.

म्हणून विचारते: कुठला पदार्थ एका वेळी किती ग्रॅम घ्यावा, त्यात कॅलरी किती, तो जेवणात कुठं बसवावा, आणि घरी करताना साखर-तूप किती कमी केलं तर पदार्थ बिघडत नाही? आकडे आणि कृती द्या. "मनावर ताबा ठेवा" हे सगळ्यांना पाठ आहे.

टिळकवाडीकर

वाटी नको, चहाच्या बशीत घ्या. चमचाही लहान. अर्धं काम तिथंच होतं.

वजनकाटा

आधी कच्च्या मालाचे आकडे डोक्यात बसवून घ्या, मग कुठल्याही मिठाईचा हिशोब घरच्या घरी निघतो. १ ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी. गूळ जवळपास तेवढाच, ३.८. तूप ९. सुकं खोबरं ६ च्या थोडं वर, काजू-बदाम ६ च्या आसपास, शेंगदाणे साडेपाच. मैदा, कणीक, हरभराडाळ साधारण साडेतीन. म्हशीचं दूध १०० मिलीला १०५ च्या आसपास, टोन्ड दूध ५८-६०.

आता कुंदा. १ लिटर म्हशीचं दूध आणि १५० ग्रॅम साखर धरा. दुधाच्या १०५० आणि साखरेच्या ६००, मिळून १६५० कॅलरी. आटून कुंदा भरतो साधारण ३७० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ४४५ च्या घरात. पोह्याचा एक भरलेला चमचा २५ ग्रॅम भरतो, त्याच्या ११० कॅलरी. अर्ध्या किलोचा डबा म्हणजे २२०० कॅलरी, एका माणसाच्या दिवसभराच्या जेवणाएवढ्या.

दुकानाप्रमाणे दूध-साखरेचं प्रमाण बदलतं, त्यामुळं दहा-वीस कॅलरी इकडं तिकडं होतील. हिशोबाची पद्धत तीच.

शहापूर_गल्ली

पोह्याचा चमचा "भरलेला" म्हणजे सपाट की डोंगर? आमच्याकडं चमच्यावर किल्ला उभा राहतो.

वजनकाटा

सपाटच्या थोडा वर. किल्ला केला तर ४० ग्रॅम होतो, म्हणजे १७५ कॅलरी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एकदाच स्वतःचा चमचा मोजून ठेवा, रोज मोजायची गरज नाही.

चिकोडीचे_काका

साखरेपेक्षा गूळ घाला की. पूर्वीची माणसं गूळच खात होती, कुठं वजन वाढत होतं? गुळाचा कुंदा करून बघा.

घटप्रभा

काका, कॅलरीच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खे भाऊ आहेत. १०० ग्रॅममागं फरक पंधरा-वीस कॅलरींचा. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण २० ग्रॅम गुळातून त्याचा फारसा हिशोब होत नाही. रक्तातली साखर तर दोन्हींनी वाढते. पूर्वीची माणसं शेतात दिवसभर राबत होती, गुळाचं श्रेय त्या कष्टांना द्या.

दुसरं, कुंद्यात गूळ चालवणं अवघड. गूळ थोडा आंबट असतो, गरम दुधात पडला की दूध फाटतं. कुंद्याला दाणा हवा असतो हे मान्य, पण गुळानं फाटलेलं दूध चिवट गोळे धरतं आणि चव काकवीकडं झुकते. गूळ पुरणात, शेंगापोळीत, करदंटात शोभतो. कुंदा साखरेचाच.

चिकोडीचे_काका

बरोबर हाय. पण मग साखर कमी तरी करा. बाजारातला कुंदा लई गोड असतो.

खानापूरची_वैनी

कमी साखरेचा कुंदा नक्की होतो, पण कुठं थांबायचं ते माहीत पाहिजे. सविस्तर लिहिते.

जाड बुडाची पसरट कढई घ्या. १ लिटर म्हशीचं दूध मोठ्या आचेवर उकळी येईपर्यंत आणि मग मध्यम आचेवर आटवा. कडेची साय सतत खाली ढकलत राहा. दूध निम्म्याच्या जवळ आलं की आच अगदी मंद करून २ चमचे ताजं, गोडसर दही फेटून घाला. इथंच बहुतेकांचा कुंदा बिघडतो. दही आंबट असेल, जास्त पडलं किंवा दूध खदखदत असताना घातलं, तर पनीरसारखे रबरी गोळे होतात आणि नंतर कितीही ढवळा, ते मऊ होत नाहीत. मंद आचेवर हळूहळू फाटलेल्या दुधाला रव्यासारखा बारीक दाणा येतो, तोच हवा.

आता साखर. ती दोन भागांत घालायची. निम्मी थेट दुधात. उरलेली वेगळ्या छोट्या कढईत कोरडीच वितळवा आणि मधासारखा रंग आला की लगेच त्यात दोन-तीन चमचे आटीव दूध सोडा. जोरात फसफसतं, वाफ हातावर येते, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. हे कुंद्यात मिसळा. साखर तांबूस-काळी होईपर्यंत थांबलात तर सगळा कुंदा कडू होतो आणि त्यावर इलाज नाही.

या जळक्या साखरेच्या खमंगपणामुळंच कमी साखरेत भागतं. १ लिटरला १५० ऐवजी १०० ग्रॅम साखर घाला, खाणाऱ्याला कळत नाही. ९० च्या खाली गेलात की रंग फिका पडतो, खमंग वास येत नाही आणि तो नुसता खवा लागतो. शेवटी वेलची आणि चिमटीभर मीठ. मीठ पडलं की गोडी उठून लागते.

कढईच्या कडा सोडायला लागला आणि कडेला तुपाचे मणी दिसले की उतरवा. तेव्हा थोडा ओलसर वाटला पाहिजे, गार होताना घट्ट होतोच. कढईतच कोरडा केला तर दुसऱ्या दिवशी खडे.

निपाणी_नाका

वैनी, छापून फ्रीजवर लावलंय. टोन्ड दुधाचा केला तर चालतो का? कॅलरी निम्म्या होतील ना?

खानापूरची_वैनी

होतो, पण दाणा चिवट लागतो. दाण्यांच्या मधे स्निग्ध अंश नसला की ते एकमेकांना घट्ट धरतात. दही निम्मं करा, उतरवताना १ चमचा तूप सोडा, मग बरा लागतो. बुडाला मात्र जास्त लागतं, हात थांबवायचा नाही.

वजनकाटा

निम्म्या अजिबात होत नाहीत. हिशोब करून दाखवतो, कारण बहुतेकांची फसगत इथं होते.

टोन्ड दूध १ लिटर, ५८० कॅलरी. साखर ९० ग्रॅम, ३६० कॅलरी. एकूण ९४०. वा, १६५० वरून ९४० वर आलो! पण कुंदा भरला किती? सुमारे २४५ ग्रॅम. दुधात सुका ऐवजच कमी, तर आटून उरणार काय? म्हणजे १०० ग्रॅमला ३८४. २५ ग्रॅमच्या चमच्यात ९६ कॅलरी, मूळ कुंद्यात ११०. एवढी खटपट करून, चिवट दाणा सोसून चमच्यामागं वाचल्या १४ कॅलरी.

त्याहून गमतीचं बघा. वैनींचा कुंदा म्हशीच्या दुधाचा आणि १०० ग्रॅम साखरेचा. एकूण कॅलरी १४५०, भरतो ३१० ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅमला ४६५! साखर कमी केली आणि ग्रॅममागच्या कॅलरी वाढल्या. कारण साखर ग्रॅमला ४ कॅलरीची, आणि म्हशीच्या दुधाचा आटीव ऐवज त्यातल्या तुपामुळं ग्रॅमला ६ च्या पुढं. स्वस्त कॅलरी काढून टाकली, महाग उरली.

मलप्रभा

म्हणजे साखर कमी करण्यात अर्थ नाही?

वजनकाटा

आहे, पण वेगळ्या कारणानं. १५० ग्रॅमवाल्या कुंद्याच्या चमच्यात वरून घातलेली साखर १० ग्रॅम असते, १०० ग्रॅमवाल्यात ८. साखर मोजणाऱ्याला तो फायदा. कॅलरी मोजणाऱ्यानं मात्र कृतीत जीव काढण्याऐवजी चमचे मोजावेत.

गोकाक_नाका

कुंद्याचं जाऊ द्या. आमचं करदंट घ्या की! सगळा सुकामेवा, डिंक, खारीक, साखरेचा कणही नाही. बाळंतिणीला देतात, मग जड कसं असेल?

घटप्रभा

बाळंतिणीला देतात ते ताकद भरून यावी म्हणून, म्हणजे थोडक्यात जास्त कॅलरी जाव्यात म्हणूनच! गोकाकचं काय, बागलकोटकडचं अमीनगडचं काय, करदंट चवीला आणि पोषणाला उत्तम. पण हलकं म्हणून खाल्लं की घात. कुंद्यात थोडं तरी पाणी असतं, करदंटात ते जवळपास नाहीच.

वजनकाटा

घरगुती प्रमाण धरू. गूळ २५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २००, बी काढलेली खारीक १५०, काजू-बदाम १००, डिंक ५०, तूप ७५, खसखस २५. एकूण वजन ८५०, कॅलरी ४२०० च्या आसपास. १०० ग्रॅमला ४९५. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, ३० ग्रॅमची वडी दीडशे कॅलरीची.

आता "डाएट करदंट" करू. गूळ १५०, खोबरं १००, खारीक २५०, तूप फक्त २५, बाकी तेच. ७०० ग्रॅम, ३०६० कॅलरी. १०० ग्रॅमला ४३७. एका वडीमागं वाचल्या १८. तीच वडी सुरीनं निम्मी केली तर वाचतात ७५.

शहापूर_गल्ली

वजनकाटेदादा सुरी काढूनच बसलेत आज.

गोकाक_नाका

हिशोब मान्य. पण तूप २५ वर कसं आणलंत? डिंक तुपात तळल्याशिवाय फुलत नाही.

घटप्रभा

फुलतो. डिंक उन्हात कडकडीत वाळवून हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी २ चमचेच, कोरडेच, काचेच्या पसरट भांड्यात फुलवा. मिनिट-दीड मिनिटात लाह्यांसारखे फुटतात. अर्ध्या मिनिटानं एकदा हलवा. मोठा खडा राहिला तर बाहेरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दातांना चिकटतो. शंका असेल तर एक फोडून बघा, आत काचेसारखं चमकलं तर कच्चा.

तळायचाच असेल तर तूप आधी-नंतर मोजा. किती प्यायला ते समजतं. तूप पुरतं तापलेलं नसेल तर डिंक फुलत नाही आणि तूप मात्र ओढून घेतो.

गूळ कमी केला तर वड्या भुगा होतात, तिथं जास्तीच्या खारकेचा उपयोग. निम्मी खारीक गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून, जाडसर वाटून गुळाबरोबरच परता. ती चिकटपणा धरते. पाक कच्च्या गोळीचा हवा: थेंब पाण्यात टाकला की मऊ गोळी वळली पाहिजे. त्यापुढं गेला तर वडी दगड. अशा करदंटात थोडी ओल राहते, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं.

चिकोडीचे_काका

मांड्याचं कुणी बोलंना. मांडे तर हवेसारखे हलके, कागदासारखे पातळ. त्यात कसली कॅलरी?

खानापूरची_वैनी

काका, मांडा दिसायला मोठा आणि हाताला हलका, तिथंच गफलत होते. मळून मुरवलेलं तलम पीठ, आत पिठीसाखर, खसखस, वेलची. पोळी हातांवर फिरवून-फिरवून मोठी करायची आणि उलट्या घातलेल्या तापल्या भांड्यावर टाकायची, गरम आहे तोवरच चौकोनी घडी घालायची. आत पाण्याचा अंश जवळपास राहत नाही, म्हणून तर तो कुरकुरीत राहतो आणि पाहुण्यांबरोबर परगावी जातो. जे काही वजन आहे ते सगळं पीठ, साखर आणि तूप. अंदाजे १०० ग्रॅमला चारशेच्या वर धरा. मांडा हाताला ६० ग्रॅम वाटला तरी अडीचशे कॅलरी झाल्या. वर दूध-तूप घालून खातात ते वेगळं.

मांड्याचे चार भाग करा, एक ताटात, तीन डब्यात परत. चुरा उरतो तो कोमट दुधात घालून दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि दुधात भिजवल्यावर वर तूप सोडायची गरज नसते, मांड्याचा खमंगपणा दुधात उतरतोच.

मलप्रभा

आता पुरणपोळी. ती तर चमच्यानं मोजता येत नाही.

वजनकाटा

मध्यम पोळी: डाळ ३० ग्रॅम, गूळ ३०, कणीक-मैदा ३०, पिठातलं तेल ३ ग्रॅम. ३५० कॅलरी. वर २ चहाचे चमचे तूप, म्हणजे ९०. झाली ४४०. दोन पोळ्या, भात, भजी, कुरडई, पापड आणि गुळवणी. गुळवणीच्या वाटीत २० ग्रॅम गूळ गेला तर त्याच्या ७६ वेगळ्याच.

निपाणी_नाका

पोळीवरचं तूपही मोजायचं म्हणजे काय? तूप नसलं तर पोळी घशाखाली उतरत नाही.

खानापूरची_वैनी

धार नको, चमचा घ्या. गरम पोळीवर १ चहाचा चमचा तूप टाकून मागच्या बाजूनं पसरवलं की कडेपर्यंत पुरतं. गार पोळीवर तेच तूप एका जागी थिजतं आणि मग आणखी ओतलं जातं. पोळी गरम वाढणं हाच तूप वाचवायचा उपाय.

पुरणात डाळीच्या वजनाच्या पाऊणपट गूळ घाला. जायफळ आणि सुंठ दोन्ही घातले की गोडी कमी वाटत नाही. कमी गुळाचं पुरण लवकर कोरडं होतं, म्हणून डाव उभा राहिला की लगेच उतरवा आणि गरम असतानाच वाटा, नाहीतर पोळी लाटताना फाटते. डाळ शिजवताना भरपूर पाणी ठेवलं तर कटही भरपूर निघतो. कटाची आमटी झणझणीत करा, तेल बेताचं. आमटीच्या वाटीवर पोट भरतं आणि दुसऱ्या पोळीचा हात आपोआप मागं येतो. गुळवणी आणि पोळी दोन्ही गोड, त्यातलं एकच निवडा.

पोळीच्या दिवशी भात आणि भजी यातलं एक वगळलं तरी पोळीची जागा होते.

आहारअभ्यासक

उशिरा आलो, पण मूळ मुद्दा अजून कुणी धरलेला दिसत नाही. आपण कुंद्याच्या चमच्यावर एवढी चर्चा केली. पण रोजच्या चहाचं काय? दिवसाला तीन चहा, प्रत्येकात साखरेचे दोन चहाचे चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ३० ग्रॅम साखर, १२० कॅलरी. जवळपास एक चमचा कुंदा, आणि तोही रोज, बाराही महिने. त्याबरोबर चार मारी बिस्किटं आली की आणखी शंभर.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली म्हटलंय. २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे तेच २५ ग्रॅम. आपली ही मर्यादा चहातच संपते, कुंदा नंतर येतो.

म्हणून सगळ्यांना आधी चहाची साखर उतरवायला सांगतो. दोन चमच्यांवरून एकदम शून्य नको, दर आठवड्याला अर्धा चमचा. महिन्याभरात जीभ सरावते आणि नंतर पहिला चहा काकवीसारखा लागतो. मग कुंद्याच्या चमच्यासाठी जागा होते. ज्या गोडाची चव आपल्याला कळते, ज्याची वाट बघितली जाते, ते खावं. जे नकळत पोटात जातं ते काढावं.

टिळकवाडीकर

हे पटलं. बेकरीतली खारी, टोस्ट, बटर यांचाही यात नंबर लावा. कुंद्यावर टीका करणारे सकाळी चहात चार टोस्ट बुडवतात.

शहापूर_गल्ली

म्हणजे कुंदा निर्दोष सुटला, टोस्टला अटक.

निपाणी_नाका

शुगर फ्री मिठाई मिळते हल्ली. ती बिनधास्त चालेल ना?

आहारअभ्यासक

बिनधास्त नाही. साखर काढली तरी खवा, तूप, काजू तेच असतात, म्हणजे कॅलरीचा मोठा वाटा तसाच. अशा मिठाईत साखरेच्या जागी बऱ्याचदा माल्टिटॉलसारखा गोडवा असतो. त्याच्याही ग्रॅमला दोन-अडीच कॅलरी असतात आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

घरी कुंदा करताना स्टीव्हियाच्या गोळ्या घातल्या तर गोडी येते पण रंग, दाणा, वजन काहीच येत नाही. साखर नुसती गोड करत नाही, ती पाणी धरून ठेवते, खमंगपणा देते आणि टिकवते. अस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा तापवल्यावर गोडी सोडतो, तो आटवण्याच्या पदार्थात घालूच नका. वजन उतरवण्यासाठी स्टीव्हिया-अस्पार्टेमसारखे गोडवे वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलंय. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

चिकोडीचे_काका

मधुमेहवाल्यांनी मग काय करायचं? वास घ्यायचा फक्त?

आहारअभ्यासक

काका, तसं नाही. ज्यांची साखर आटोक्यात आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून माप ठरवावं. साधारण नियम असे: रिकाम्या पोटी गोड नको, जेवणाच्या शेवटी. त्या जेवणात भात किंवा चपाती तेवढी कमी. डाळ, उसळ, कोशिंबीर आधी खाल्ली की साखर सावकाश चढते. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. आणि आज गोड खाणार म्हणून औषधाची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनानं वाढवायचं नाही, त्यात साखर एकदम खाली जायचा धोका असतो.

घटप्रभा

चालण्याचा हिशोबही सांगा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात किती चाललं की कुंदा जिरतो?

वजनकाटा

६० किलोच्या माणसानं ताशी ५ किलोमीटरच्या वेगानं अर्धा तास चाललं तर १०५ कॅलरी. म्हणजे व्हॅक्सिन डेपोत किंवा किल्ला तलावाला अर्धा तास, आणि एक चमचा कुंदा. रमतगमत, गप्पा मारत चाललात तर पूर्ण चमच्याला पुरत नाही. अर्ध्या किलोचा डबा एकट्यानं संपवला तर दहा-साडेदहा तास चाला, धारवाडची निम्म्याहून जास्त वाट सरेल.

टिळकवाडीकर

पुढं धारवाडला पेढे आहेत, आणखी पंचाईत.

मलप्रभा

एक राहिलं. विकतचा डबा घेताना काय बघावं?

वजनकाटा

बंद डब्यावर १०० ग्रॅमच्या कॅलरी, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापलेली असते. "प्रति सर्व्हिंग" चा आकडा लहान दिसतो, कारण सर्व्हिंग २०-३० ग्रॅमचं धरलेलं असतं. १०० ग्रॅमचाच आकडा बघा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ती नसेल तर विचारा.

आणि अर्धा किलो घेऊच नका. पाव किलो घ्या. चार माणसांच्या घरात २५ ग्रॅमप्रमाणे दोन-अडीच दिवसांचं माप आहे. स्वस्त पडतो म्हणून घेतलेला मोठा डबा खराब होईल या भीतीनं संपवला जातो.

शहापूर_गल्ली

पाहुणे आणतात त्याचं काय? आणि आग्रहाचं? गौरी-गणपतीत दहा घरी जायचं, प्रत्येक वैनी वाटी भरून पुढं ठेवणार.

खानापूरची_वैनी

वाटी हातात घ्यायच्या आधी बोला, नंतर नाही. "वैनी, चमचाभरच द्या, बाकीचं डब्यात बांधून द्या, घरी सगळे मिळून खाऊ." कुणाचा मान मोडत नाही. उष्टी वाटी परत करता येत नाही, डबा घरी नेता येतो. यजमानांनीही मोठ्या वाट्यांऐवजी नैवेद्याच्या लहान वाट्या काढाव्यात, खाणारा सुटतो आणि कुंदा जास्त जणांना पुरतो.

निपाणी_नाका

मग मूळ प्रश्नाचं उत्तर एकदा कुणीतरी सांगून टाका. दिवसाला किती?

आहारअभ्यासक

वजन राखणाऱ्या निरोगी माणसानं सणाच्या दिवसांत दीडशे कॅलरीचं गोड दिवसातून एकदा. त्यात येतं: कुंदा सव्वा चमचा, किंवा करदंटाची एक ३० ग्रॅमची वडी, किंवा मांड्याचा पाव भाग तुपाशिवाय, वाटीभर दुधात. पुरणपोळी या हिशोबात बसत नाही, ती गोड नव्हे, जेवण धरा: एक पोळी म्हणजे दीड-दोन भाकऱ्या वजा. वजन उतरवणाऱ्यांनी हेच आठवड्यातून दोन-तीनदा. आणि चहा बिनसाखरेचा.

गोकाक_नाका

सव्वा चमचा! पाव चमचा कसा मोजायचा ते वजनकाटेदादांना विचारतो.

मलप्रभा

मनापासून आभार सगळ्यांचे. शेवटचं विचारते: पाहुण्यांचा मोठा डबा आलाच तर कुंदा गोठवून ठेवता येतो का?

खानापूरची_वैनी

येतो. आल्या दिवशीच, ताजा असताना. पोह्याच्या चमच्यानं एकेक गोळा करून बटर पेपरवर थोडे अंतरावर ठेवा, तासभर फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. उघडा ठेवला तर मासळी-कांद्याचा वास धरतो. खायच्या आदल्या रात्री हवे तेवढेच गोळे खालच्या कप्प्यात काढा. दाणा जरा कोरडा वाटला तर गोळ्यामागं अर्धा चहाचा चमचा दूध शिंपडून जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर मिनिटभर. मायक्रोवेव्हमध्ये जास्त वेळ ठेवलात तर तूप सुटतं आणि दाणा कडक होतो. एकदा बाहेर काढलेला परत गोठवू नका.

शहापूर_गल्ली

वैनी, मोदकाचाही असाच धागा काढा, गणपतीच्या आधी. खोबऱ्याच्या सारणाचा हिशोब वजनकाटेदादांकडून आत्ताच मागून ठेवतो.

वजनकाटा

काढा. ओलं खोबरं कॅलरीत सुक्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं, त्यामुळं उकडीचा मोदक वाटतो त्यापेक्षा हलका निघतो. तळणीचा मात्र नाही. आकडे नव्या धाग्यावर टाकतो.